नाताळात अमॅरिलिस: खत नको, झोप हवी

ताई, वेंगुर्ल्यात नाताळाला कुंडीतल्या अमॅरिलिसला, म्हणजे कांद्यातून उगवणाऱ्या त्या फुलझाडाला, नुसती पानंच दिसतात म्हणालात, आणि वर कोणीतरी खत वाढवायला सुचवलंय. खताने काही व्हायचं नाही. आपल्याकडे हा कांदा एरवी उन्हाळ्यात फुलतो. डिसेंबरात फूल हवं तर कांदा आधी झोपवावा लागतो, म्हणजे पाणी तोडून थंडाव्यात विसावा द्यावा लागतो, आणि ती वेळ नेमकी भर पावसात येते.

जुलैअखेर कुंडी पडवीत आत ओढा, पागोळ्यांपासून लांब, आणि पाणी बंद. पानं माना टाकू लागली की कापा. कांदा काढून, माती झाडून, कागदी पिशवीत फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात 8 ते 10 आठवडे. शेजारी सफरचंद-केळी नकोत, पिकत्या फळांच्या वायूने आतली फुलाची कळी मरते. पिशवीवर ठळक नाव घाला. हा कांदा विषारी, कोणी फोडणीला चिरायचा!

ऑक्टोबरच्या मध्याला लावा, वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर. नुसत्या लाल मातीत पाणी तुंबत असेल तर रेती मिसळा. कोंब दिसेपर्यंत जेमतेम ओल, मग उजेडाची खिडकी. तिथून 6 ते 8 आठवड्यांत फूल. मुठीहून लहान कांद्यांना मात्र यंदा पानंच वाढवू द्या.