'मी छान आहे' म्हणवून घेतल्याने मुलांची मैत्री सुधारते का?

पाटीपेन्सिल: पाचवीच्या वर्गाला सकारात्मक विचार शिकवायला आठवड्याचा एक तास मिळालाय. 'मी छान आहे, सगळे माझे मित्र आहेत' असं रोज म्हणवून घ्या, अशी सूचना आहे. वर्गात एकटी पडणारी मुलं आहेत, तशीच लगेच हातघाईवर येणारीही. याचा उपयोग होईल?

खडूफळा: घोकंपट्टी नकोच. जोअ‍ॅन वुड या मानसशास्त्रज्ञांच्या 2009 च्या प्रयोगात (तो मोठ्यांवर होता) स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांना अशा वाक्यांनी उलट जास्त वाईट वाटलं.

मुलं घटनेचा अर्थ काय लावतात, त्यावर काम करा. कोणी मुद्दाम केलं की चुकून, हे स्पष्ट नसलं की आक्रमक मुलं 'मुद्दाम'च धरून चालतात, हे मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी 1980 मध्ये दाखवलं.

फळ्यावर प्रसंग लिहा: 'हाक मारली, मित्राने वळून पाहिलं नाही.' खाली तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, मग काय केलं. पहिल्याच रकान्यात मुलं हमखास 'त्याने दुर्लक्ष केलं' लिहितात. तो झाला अर्थ. कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच तिथे लिहायचं. अर्धा तास यातच जाईल, जाऊ द्या. पुढच्या तासाला त्याच प्रसंगाची तीन कारणं काढायला लावा. त्यात 'मुद्दाम केलं' हेही असू द्या, नाहीतर मुलांना हा सगळा देखावा वाटतो. मग खरं कारण कसं कळेल, ते विचारा. शेवटी जोडीने म्हणून बघायचं: 'मी हाक मारली, ऐकू आली का?' 'तू मला टाळतोस ना?' म्हटलं की भांडण ठरलेलं.

पाटीपेन्सिल: आणि एकट्या मुलांचं?

मधली_सुट्टी: त्यांच्यासाठी कृती. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शाळांत 9 ते 11 वर्षांच्या मुलांवर झालेला प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवडे, दर आठवड्याला कुणासाठी तरी तीन चांगल्या गोष्टी करायच्या. दुसऱ्या गटाने नुसतं तीन ठिकाणी जाऊन यायचं. आनंद दोन्हीकडे वाढला, पण पहिल्या गटातल्या मुलांना सोबतीला निवडणारे वर्गमित्र जास्त वाढले.

तुमच्या वर्गात हे करताना मुलांनी वहीत नुसतं 'मदत केली' लिहिलेलं चालणार नाही. कुणाला, काय, ते हवं. गुण किंवा चांदण्या देऊ नका, लगेच स्पर्धा लागते. तीनपैकी एक तरी गोष्ट नेहमीच्या टोळक्याबाहेरच्या मुलासाठी. आणि जोड्या तुम्हीच लावा. 'आपापला जोडीदार निवडा' म्हटलं की तेच मूल पुन्हा उरतं.

खडूफळा: एक राहिलं. कुणी ठरवून, वारंवार, जोर दाखवून त्रास देत असेल तर तिथे रकाने काढत बसू नका. त्रास होणाऱ्या मुलाला 'वेगळा विचार करून बघ' सांगणं म्हणजे दोष त्याच्याच माथी. तो त्रास आधी मोठ्यांनी थांबवायचा.