उपहास, उपरोध, विडंबन : तिन्ही एकच का?

खारीमस्का :
मंडळी, भाचीच्या मराठी गाईडमधे सटायरला एका पानावर उपहास, पुढच्या पानावर उपरोध आणि सराव प्रश्नात चक्क विडंबन असं दिलंय. हे सगळं एकच आहे का? जाणकारांनी उजेड पाडावा.

काठावरचा :
एकच नाही हो. विडंबनाला आधी कुणाचीतरी नक्कल लागते, मूळ माहीत नसेल तर मजा निम्मी. अत्र्यांनी केशवकुमार नावाने 'झेंडूची फुले'मधे रविकिरण मंडळ या कवीगटातल्यांच्या लकबी उचलल्या ते विडंबन. उपरोध ही नुसती बोलायची तऱ्हा, दोन तास उशिरा आलेल्याला "या, फार लवकर आलात" म्हणतो तशी. आणि उपहास म्हणजे एखाद्या खोडीला, रूढीला हसं करून सोडणं, त्यासाठी वरची दोन्ही हत्यारं चालतात. श्री. कृ. कोल्हटकरांचे विनोदी लेख, 'सुदाम्याचे पोहे', वाचा, कळेल.

वाचनवेडी :
व्याजस्तुती राहिली की, वरून कौतुक आणि आतून चिमटा. पण मला विचाराल तर संत एकनाथांचं भारूड "सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला" घ्या, त्यात नुसतं पायरीपायरीने वाढवत नेणं बघा, सासरा गावाला गेलाय तर तिकडेच खपव, मग सासूचा नंबर, मग जाऊ, नणंदेच्या पोराला खरूज, शेवटी दादल्यापर्यंत गाडी येते आणि एवढं अख्खं घर साफ करायच्या बदल्यात देवीला काय, तर रोडगा! जाडाभरडा रोडगा, पुरणपोळीसुद्धा नाही. बाई एकदा पण हसत नाही, अगदी मनापासून मागतेय, म्हणून तर नवसाच्या सौद्याची सालं निघतात.

खारीमस्का :
ताई, पण त्यात अध्यात्म आहे ना? कीर्तनात ऐकलंय, सासू सासरे म्हणजे विकार वगैरे.

वाचनवेडी :
आहेच, "एकटीच राहू दे मला" म्हणजे प्रपंचातून सुटका. पण भारुडात वरचा अर्थ फेकून द्यायचा नसतो, ऐकणारा आधी हसतो ते सासूवरच.

काठावरचा :
गंभीर चेहऱ्याचं म्हणाल तर इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्टचं 1729चं ते 'अ मॉडेस्ट प्रपोजल' पत्रक, आयर्लंडमधल्या गरिबांनी आपली तान्ही पोरं श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत असा प्रस्ताव, आणि वर किती पोरं, काय भाव, कशी शिजवायची याचा व्यवस्थित हिशोब. कुठेही "अरेरे" नाही. सगळा राग त्या हिशोबात आहे, इंग्रज जमीनदार माणसांकडे असेच आकडे म्हणून बघत होते ना.

उगाचकाहीतरी :
अजून एक, हल्ली हिंदीच्या नादाने "सरकारवर व्यंग केलं" असं सर्रास लिहितात ते फार खटकतं. मराठीत व्यंग म्हणजे खोट, शरीरातलं वैगुण्य. व्यंगचित्र, व्यंगोक्ती हे रुळलेत ते ठीक, पण नुसतं "व्यंग केलं" नको. "टोमणा मारला", "खिल्ली उडवली", "टर उडवली" एवढे आहेत की आपल्याकडे.