अनुभव धागा: पिल्लाचे कान, पावसाळा आणि आपला सीमाभाग

धागाकर्ता: जून ते सप्टेंबर बेळगावात हवा ओली असते, खानापूरकडं तर कपडेही वाळत नाहीत. लोंबत्या कानांच्या पिल्लांचे, म्हणजे लॅब्राडॉर, कॉकर वगैरेंचे, कान याच दिवसांत बिघडतात. कुत्री सांभाळणाऱ्यांनी नेमकं लिहा. ‘आमचा टॉमी फार गोड’ नको. पद्धत, प्रमाण आणि काय चुकतं तेवढं सांगा.

शहापूर, बेळगाव: कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग पडद्याकडं आडवी वळते. त्यामुळं इअरबड घातला की मळ निघायचं राहिलं, तो वळणात ठासून बसतो. कुत्र्यांसाठीचंच इअर क्लीनर घ्या. बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा, गार थेंब पडला की पिल्लू बिथरतं आणि पुढच्या वेळी हात लावू देत नाही. कानाची पाळी वर धरून नळी भरेल इतकं सोडा. लहान पिल्लाला १-२ मिली पुरतं. बाटलीचं तोंड कानाला टेकवू नका. मग कानाच्या बुडाशी, जिथं नळी बोटांना लागते तिथं, २०-३० सेकंद चोळा. पचपच आवाज आला म्हणजे औषध आत पोचलं. आता सोडा त्याला, डोकं झटकू दे. वर आलेला मळ बोटाला कापूस गुंडाळून, बोट जाईल तेवढाच पुसा.

टिळकवाडी: पद्धत बरोबर, पण हे दर आठवड्याला करायचं नसतं की! आठवड्याला फक्त बघायचं आणि हुंगायचं. आतली कातडी फिकट गुलाबी, वास नाही, थोडं पिवळसर मेण: असा कान तसाच राहू द्या. उगाच धुतला तर आत ओल राहते आणि ओलीत बुरशी वाढते. तपकिरी चिकट मळ आणि आंबूस वास असेल तर बहुधा बुरशी. पिवळा पू आणि हात लावला की केकाटणं हे जंतूंचं लक्षण. अशा वेळी आधी डॉक्टरला दाखवा. पडदा फाटलेला असला तर कानात घालायची काही औषधं कायमचा बहिरेपणा आणतात. घरातल्या माणसांचे ड्रॉप्स म्हणूनच नकोत.

निपाणी: दळलेल्या कॉफीसारखा काळा चुरा दिसला आणि पिल्लू सारखं खाजवत असलं तर कानातले किडे समजा. घरातल्या मांजरालाही तेच लागतात, म्हणून उपचार सगळ्यांना एकदम. अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. खाज थांबली म्हणून आठव्या दिवशी औषध बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. सेलामेक्टिनचे मानेवर सोडायचे थेंब सहा आठवड्यांपुढच्या पिल्लाला चालतात.

गोठ्यातलं गुरांचं आयव्हरमेक्टिन, म्हणजे किडे-जंत मारायचं औषध, मात्र देऊ नका. त्या १ टक्का इंजेक्शनचं १ मिली ५० किलोच्या जनावरासाठी असतं. तीन किलोच्या पिल्लासाठी अंदाजानं सिरिंज भरली की मात्रा कैक पटींनी चढते: झोकांड्या, लाळ, मग बेशुद्धी. कोली या जातीचं रक्त असलेल्या कुत्र्याला तर थोडंसंही घातक ठरतं.

खानापूर: आमच्याकडं खरी डोकेदुखी गोचिडांची. कानाच्या बाहेरच्या कडेला बुडाजवळ खिशासारखी छोटी घडी असते, तिथं आधी बघा. चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, डेटॉल, पेटती काडी काही नको, कातडी भाजते. हातानं चिरडूही नका. हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

येळ्ळूर: पाऊस संपला की कुसळं. गवतातून आलेलं पिल्लू अचानक एकाच बाजूला मान वाकडी करून डोकं झटकू लागलं तर कुसळ आत गेलेलं असू शकतं. ते काट्यासारखं पुढंच सरकतं, मागं येत नाही. त्यावर क्लीनर ओतू नका, डॉक्टर भूल देऊन चिमट्यानं काढतात. झटकणं तसंच चालू राहिलं तर पाळीतली रक्तवाहिनी फुटून कान फुग्यासारखा सुजतो, आणि ते काम मोठं होतं.

धागाकर्ता: आणि खोबरेल तेल? घरोघरी तेच घालतात.

शहापूर, बेळगाव: नळीत नको, तेल ओल आणि मळ दोन्ही धरून ठेवतं. व्हिनेगर, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड सोललेल्या कातडीला झोंबतात. आंघोळीआधी कानात कापसाचा सैल बोळा ठेवा आणि नंतर आठवणीनं काढा.

खानापूर: गोठ्याजवळ बांधलेल्या मुधोळच्या पिल्लांच्या कानाची टोकं माश्या चावून सोलतात. शेण रोज हलवा, जखम मिठाच्या पाण्यानं धुवा. जखमेत अळ्या दिसल्या तर घरी टोकरत बसू नका.