पहिलंच कॅम्पिंग, ९ दिवस: योसेमिटी, झायन की आणखी कुठलं नॅशनल पार्क?

पायवाट:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. अमेरिकेत पश्चिमेकडच्या नॅशनल पार्कांना जायचं कधीपासून मनात घोळतंय आणि यंदा ९ दिवस हातात आहेत. मी, नवरा आणि १० वर्षांची लेक. चालायची सवय तिघांनाही आहे, लेक ५-६ मैल न कुरकुरता चालते, पण तंबूत एकही रात्र काढलेली नाही. मी कागदावर कॅलिफोर्नियातलं योसेमिटी, युटामधली झायन आणि ब्राइस, ग्रँड कॅन्यन आणि वर माँटानातलं ग्लेशियर अशी पाच नावं लिहिली आणि मग नकाशा उघडला तर अर्धे दिवस गाडीतच जाणार असं दिसतंय. हायकिंग, कॅम्पिंग आणि डोळे भरून बघावा असा निसर्ग, तिन्ही मिळून तुमचं सगळ्यात आवडतं पार्क कुठलं आणि का? मेअखेर किंवा सप्टेंबरअखेर, दोन्ही जमेल.

उनाडवारा:
पाच नका करू, प्लीज. आणि आधी महिना ठरवा, मग पार्क, कारण तीच जागा चार महिन्यांनी ओळखू येत नाही. मेअखेर असेल तर माझं उत्तर योसेमिटी, दुसरा विचारच नाही. वर सिएरा डोंगररांगेतला बर्फ वितळत असतो आणि व्हॅलीत जिकडे मान वळवाल तिकडे पाणी कोसळत असतं, योसेमिटी फॉल्स २,४२५ फूट आहे आणि रात्री सगळं शांत झालं की त्याची घरघर ऐकू येते. तोच धबधबा ऑगस्टपर्यंत बरेचदा पार आटतो, नुसता कोरडा कडा उरतो.

मिस्ट ट्रेल ही व्हर्नल फॉल धबधब्याकडे चढणारी पायवाट कराच. धबधबा ३१७ फूट, आणि त्याला लागूनच ग्रॅनाइटच्या सहाशेवर पायऱ्या, तुषार इतके की रेनकोट घालूनही बाह्यांतून पाणी आत जातं. आम्ही सकाळी साडेनऊला तिथे होतो, पाठीवर ऊन होतं आणि पायाशी इंद्रधनुष्य पडलं होतं, मी एक पायरी चढलो की तेही एक पायरी वर सरकायचं, मी तिथे किती वेळ नुसता चढउतर करत होतो. उतरताना मात्र त्या ओल्या पायऱ्यांनी येऊ नका, वरून जॉन म्यूर ट्रेल पकडा, लांब आहे पण कोरडा आहे. आणि धबधब्याच्या माथ्यावर पाणी कितीही संथ दिसलं तरी पाय घालायचा नाही, लेकीला आधीच बजावून ठेवा, तिथून लोक वाहून गेलेत.

बुकिंगचं म्हणाल तर व्हॅलीतल्या पाइन्स नावाच्या कॅम्पग्राउंड्सची जागा साधारण पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता, पॅसिफिक टाइमने उघडते आणि बघता बघता संपते. दोघांनी दोन लॅपटॉपवर बसा.

अस्वलांचं टेन्शन घेऊ नका पण नियम पाळा. प्रत्येक साइटवर लोखंडी पेटी असते, खाणं तर त्यात जातंच पण टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, वास येणारं जे जे आहे ते सगळं त्यातच, गाडीत काही ठेवायचं नाही. माझ्या मुलाच्या खिशात रात्री एक च्युइंगम सापडलं, तेवढ्यासाठी टॉर्च घेऊन परत पेटीपर्यंत गेलो.

कडेकपारी:
मी सप्टेंबरवाली. झायन आणि ब्राइस, गाडीने दोन तासांवर आहेत एकमेकांपासून, चार-चार रात्री करा आणि बाकी काही करू नका. झायनची खरी मजा नॅरोज. व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं, दोन्ही बाजूंना हजार फुटी भिंती आणि काही ठिकाणी पात्र जेमतेम २०-३० फूट रुंद. तुमचा मे महिना इथे उपयोगाचा नाही, बर्फाचं पाणी येतं, प्रवाह १५० क्यूबिक फूट प्रति सेकंदाच्या वर गेला की नॅरोज बंदच करतात. सप्टेंबरअखेर पाणी गुडघ्या-मांडीपर्यंत, कधी कंबरेपर्यंत. पाण्यात चालायचे बूट आणि उंच काठी भाड्याने घ्या, तळाचे गोटे शेवाळलेले असतात, काठीशिवाय तोल राहत नाही. निघायच्या आधी फ्लॅश फ्लडचा अंदाज न चुकता बघा, आपल्या डोक्यावर निळं आकाश असताना कित्येक मैल लांब पडलेला पाऊस लोंढा घेऊन येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत यायला लागल्या की फोटोबिटो सोडून उंचावर जायचं.

ब्राइसमध्ये लेकीला सूर्योदयाला उठवा. भेगांमध्ये पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, असं वर्षातले दीडशेहून जास्त दिवस चालतं आणि त्यातून ते हूडू नावाचे दगडी सुळके कोरले गेलेत. क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप या पायवाटा जोडून साधारण तीन मैल होतात, दहा वर्षांच्या मुलीला अगदी मापाचा.

हिमरेषा:
माझं सगळ्यात लाडकं ग्लेशियर आहे आणि तरीही सांगते, तुमच्या दोन्ही तारखांना जाऊ नका. गोइंग टू द सन रोड लोगन पासवरून, म्हणजे ६,६४६ फुटांवरून जातो आणि तो पूर्ण उघडतो जूनअखेर किंवा जुलैत. मेमध्ये तुम्ही अर्ध्या रस्त्यातून परत फिराल. सप्टेंबरअखेर वर बर्फ पडू शकतो, कॅम्पग्राउंड्सही एकेक बंद होत असतात. हायलाइन ट्रेल इतका सुंदर आहे की तो अर्धवट बघू नये असं मला मनापासून वाटतं. त्याच्यासाठी एक ऑगस्ट वेगळा राखून ठेवा.

पायवाट:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! ग्लेशियर आणि ग्रँड कॅन्यन दोन्ही खोडले. मेची बुकिंगची तारीख तर केव्हाच उलटून गेलीये, म्हणजे सप्टेंबर, झायन आणि ब्राइस. कडेकपारी ताई, दोन शंका. झायनमधल्या एंजल्स लँडिंगला मुलीला न्यावं का? आणि ब्राइसला रात्री थंडी किती असते, पहिल्यांदाच तंबू म्हणून जरा धाकधूक आहे.

कडेकपारी:
नको गं, एंजल्स लँडिंगला नको. शेवटचा अर्धा मैल साखळी धरून कड्यावरून जायचं, दोन्हीकडे सरळ खाली. २०२२पासून त्याला लॉटरीने परमिट लागतं. पण त्याच वाटेवरच्या स्काउट लुकआउटपर्यंत परमिट लागत नाही, वळणावळणाची चढण आहे, तिथूनही दरी पूर्ण दिसते आणि लेकीला आपण अर्ध्यातून फिरलो असं अजिबात वाटणार नाही. सकाळच्या पहिल्या शटल बसने जा, कॅन्यनमध्ये सप्टेंबरमध्ये खासगी गाड्या सोडत नाहीत आणि दहानंतर रांग लागते.

थंडीचं म्हणशील तर ब्राइसचा काठ ८,००० फुटांवर आहे, सप्टेंबरअखेर रात्री पारा शून्य सेल्सियसजवळ येतो. पहिल्या खेपेला आम्ही महागातल्या स्लीपिंग बॅग घेतल्या आणि खालची मॅट पातळ घेतली, रात्रभर पाठ गारठली, कारण थंडी खालून, जमिनीतून चढते. मॅट जाड घे, बॅग महागातली नसली तरी चालेल. झोपताना कोरडे मोजे आणि कानटोपी, आणि दिवसभर चालताना घातलेले कपडे बदलूनच आत शिरायचं, घामाचा ओलावा सोसवत नाही. आणि तंबू नेण्याआधी एकदा अंधारात उभा करून बघा तिघांनी मिळून. झायनला पोचाल तेव्हा हमखास उशीर झालेला असतो.