टेम्पेस्टचं इंजिन, १/४८ : पुशरॉड कुठे चिकटवू?

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी. हॉकर टेम्पेस्ट मार्क २ या जुन्या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल करते आहे, १/४८ म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं, आपल्या हवाई दलाच्या खुणांसह. कॉकपिट झालं, पंखांचे सांधे भरून घासून झाले, आणि इंजिनापाशी येऊन तीन आठवडे अडकले आहे.

हेच विमान का, ते आधी सांगते, कारण प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे. माझे आबा, म्हणजे आईचे वडील, हवाई दलात ग्राउंड क्रूमध्ये होते. त्या काळातला त्यांचा एकच फोटो घरात आहे. विमानाच्या नाकावरचे डावीकडचे पत्रे काढलेले, आबा लाकडी घोड्यावर, म्हणजे काम करायच्या उंच स्टँडवर, उभे, हातात पाना. फोटो काढणाऱ्याकडे बघतच नाहीयेत, नजर इंजिनात. मागे पेन्सिलीने 'टेम्पेस्ट, १९४९' एवढंच लिहिलंय. आबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळे विचारायचं राहून गेलं. दिवाळीनंतर आईला पंचाहत्तर पूर्ण होतील. तोपर्यंत हे विमान फोटोत आहे तसंच, पत्रे काढलेल्या अवस्थेत, तिच्यापुढे ठेवायचं आहे.

आता अडचण. किटमधल्या इंजिनाचे सिलिंडर सुरेख आहेत, फिन (थंडाव्यासाठीच्या पातळ पट्ट्या) अगदी बारीक आणि खोल. पण बाकी सगळं बोडकं. मी बघितलेल्या हेलकॅट, कोर्सेर, थंडरबोल्ट या अमेरिकी लढाऊ विमानांच्या मॉडेलांत प्रत्येक सिलिंडरला मधल्या गोल भागापासून टोकापर्यंत दोन दोन दांड्या, म्हणजे पुशरॉड, जातात, छत्रीच्या काड्यांसारख्या. माझ्या इंजिनात एकही नाही. किटवाल्यांनी गाळल्या असाव्यात असं समजून मी स्वतः करायला घेतल्या. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या खर्जाच्या पितळी तारेचे उरलेले तुकडे मिळाले. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची तार. ७ मिमीचे १८ तुकडे कापले, टोकं कानशीने घासून सपाट केली. पुढच्या रांगेतल्या ९ सिलिंडरना दोन दोन, असा हिशोब.

पण वरचं टोक चिकटवायचं कुठे? सिलिंडरच्या डोक्यावर दांडी टेकेल असा उंचवटाच नाही, उलट मधोमध एक खड्डा आहे. तो खड्डा पुटीने भरून वर छोटे डबे चिकटवावेत का? आणि प्लगच्या वायरींसाठी किती जाडीची तार घेऊ? तंबोऱ्याची पोलादी तार घेऊन पाहिली, पण ती वळवली की परत सरळ होते.

आबांच्या फोटोतही दांड्या दिसत नाहीत. फोटो जुना आहे, म्हणून पुसट झाल्या असतील.

---

नळीवाला

ताई, तुकडे छान कापलेत. आधी जाड कागदावर वर्तुळ काढा आणि त्याचे दर ४० अंशांवर ९ भाग पाडा. इंजिन त्यावर ठेवून प्रत्येक दांडीची दिशा जुळवून घ्या, म्हणजे एकही तिरकी बसणार नाही. मागची रांग २० अंशांनी सरकलेली असते, पुढच्या दोन सिलिंडरांच्या मधून डोकावणारी, तेही तपासा.

वरच्या टोकाला रॉकर बॉक्स, म्हणजे तुम्ही म्हणता ते छोटे डबे, लागतील. माझ्या हेलकॅटमध्ये मी ०.७५ मिमीच्या प्लास्टिक पट्टीचे चौकोनी तुकडे कापून लावले होते. खड्डा पुटीने भरायला हरकत नाही.

---

डाकोटा_फिटर

लेकी, थांब. खड्डा भरू नकोस आणि ते १८ तुकडेही डबीत ठेवून दे. तुझं किट बरोबर आहे आणि आबांचा फोटोही बरोबर आहे. त्या इंजिनाला पुशरॉड नव्हतेच.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. १९६६ ला भरती झालो, बरीचशी नोकरी डाकोटा या मालवाहू विमानावर गेली. टेम्पेस्ट त्याच्या कितीतरी आधीच निवृत्त झालेलं, त्यामुळे त्याच्यावर मी हात चालवलेला नाही. पण ट्रेनिंगमध्ये त्याच्या इंजिनातला स्लीव्ह व्हॉल्व्ह (बाहीसारखा व्हॉल्व्ह) शिकवला होता, आणि आमच्या मास्तरांनी उभा कापलेला एक सिलिंडर टेबलावर ठेवला होता तो अजून डोळ्यांसमोर आहे.

टेम्पेस्ट २ चं इंजिन म्हणजे ब्रिस्टल सेंटॉरस. १८ सिलिंडर, ९-९ च्या दोन रांगा, ५३ लिटरच्या वर घनफळ, ताकद अडीच हजार हॉर्सपॉवरहून जास्त. हेलकॅट, कोर्सेर, थंडरबोल्टमध्ये प्रॅट अँड व्हिटनीचं आर-२८०० आहे. त्यालाही १८ सिलिंडर, तेही दोन रांगांत, म्हणून लांबून दोन्ही सख्खी भावंडं वाटतात. आतून मात्र फार वेगळी आहेत.

आर-२८०० मध्ये किंवा आमच्या डाकोटाच्या आर-१८३० मध्ये सिलिंडरच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात, एक मिश्रण आत घ्यायला, एक धूर बाहेर सोडायला. ते उघडायला खालून कॅम दांडी ढकलतो. ती दांडी ज्या नळीतून जाते ती तुझी छत्रीची काडी, आणि डोक्यावर रॉकरचे दोन डबे, कानांसारखे. सेंटॉरसमध्ये हे व्हॉल्व्हच नाहीत. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये पोलादाची एक पातळ बाही असते. सदऱ्याच्या बाहीत हात असतो तसा तिच्यात पिस्टन. ही बाही वरखाली होते आणि त्याच वेळी थोडी इकडून तिकडे वळते. तिला झरोके कापलेले असतात. सिलिंडरलाही झरोके असतात, तीन आत घेण्याचे, दोन बाहेर टाकण्याचे. बाहीचा झरोका सिलिंडरच्या झरोक्यासमोर आला की वाट उघडते, सरकला की बंद. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत बाहीचं एक आवर्तन पुरं होतं. तिला हलवणारे गिअर आणि छोटे क्रँक सगळे इंजिनाच्या कव्हराच्या आत असतात. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून तुला ते बोडकं वाटलं.

तुला सापडलेला खड्डा हा त्या इंजिनाचा खरा चेहरा आहे. बाही वर सरकायला जागा हवी, म्हणून सिलिंडरचं डोकं झाकणासारखं वर न बसता बाटलीच्या बुचासारखं आत उतरलेलं असतं. बुचाच्या आतल्या बाजूलाही थंडाव्यासाठी फिन असतात आणि तळाशी दोन स्पार्क प्लग. म्हणजे प्लगच्या वायरी तुला त्या खड्ड्यातच उतरवायच्या आहेत, सिलिंडरच्या कुशीत नाही. भिंग घेऊन फोटो पुन्हा बघ. वायरी सिलिंडरच्या मधोमध जाताना दिसतील.

आणखी एक. ब्रिस्टलचंच हर्क्युलिस इंजिन ज्यात आहे त्या ब्युफायटर विमानाचे फोटो बघशील तर तोंडाशी एक्झॉस्टची गोल कडी दिसेल. ती बघून इथे काही लावू नकोस. सेंटॉरसचा धूर मागच्या बाजूने निघतो आणि काउलिंगच्या (इंजिनाभोवतीच्या पत्र्यांच्या) मागे दोन्ही कुशींना नळकांड्यांच्या रांगेतून बाहेर पडतो. तू डावीकडचे पत्रे काढणार आहेस, तर खरी मेहनत तिथे घे. पुढे स्पिनर (पंख्याच्या मधली टोपी) एवढा मोठा आहे की त्याच्याभोवतीच्या फटीतून सिलिंडरांची टोकंच दिसतील.

रंगकाम इथली मंडळी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. पण तेल कुठे दिसावं हे मी सांगतो. असं सिलिंडर गोलाकार मांडलेलं रेडियल इंजिन बंद होऊन उभं राहिलं की तेल निथळून खालच्या सिलिंडरांत जमतं. सकाळी स्टार्ट करण्याआधी आम्ही पंखा हाताने फिरवायचो तो त्याचसाठी, नाहीतर तेल आत अडकून कनेक्टिंग रॉड वाकायचा. म्हणून इंजिनावर सगळीकडे सारखा काळा वॉश (अगदी पातळ रंगाचा हात) मारू नकोस. घड्याळात बघितलं तर चारपासून आठपर्यंतचे सिलिंडर ओले, चिकट, आणि बारा वाजताचे कोरडे, धुळकट. फिटर लोक खालच्या बाजूलाच पुसत बसलेले असायचे. तुझे आबाही हेच करत असणार.

---

नळीवाला

काका, माझा सल्ला मागे घेतो. ताई, पुटी भरली नसेल अशी आशा आहे. हेलकॅटवरून टेम्पेस्टबद्दल बोलायला नको होतं. वर्तुळाचे भाग मात्र वायरींसाठी कामी येतील.

---

रंगपेटी

वायरीचं मी सांगते. शिल्ड केलेली प्लगची वायर प्रत्यक्षात सेंटिमीटरभर जाड धरली तर ४८ ने भागून ०.२ मिमी येते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ३६ गेजची तांब्याची वाइंडिंग वायर मिळते, ती ०.१९ मिमी असते. दोन मीटर मागितली तर बहुतेक दुकानदार पैसेही घेत नाहीत. दोन्ही टोकं पकडीत धरून हलकेच ताणली की सरळ होते, आणि नंतर जशी वळवाल तशीच राहते. पोलादाचा तो स्प्रिंगसारखा त्रास हिला नाही.

पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये) ०.३ मिमीचं ड्रिल लावून प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी दोन भोकं पाडा. दोन्ही रांगांच्या मिळून ३६ वायरी होतात, पण तुम्ही फक्त डावीकडचे पत्रे काढताय. पुढच्या रांगेच्या १८ आणि मागच्या रांगेतल्या डावीकडे दिसतील तेवढ्याच करा. सगळ्या वायरी आधी एकाच लांबीच्या, गरजेपेक्षा जास्त ठेवून कापा. प्लगकडचं टोक आधी बसवा, पूर्ण वाळू द्या, मग दुसरं टोक फोटोत जिथे जाताना दिसतं तिथे न्या. फेव्हिक्विक थेट ट्यूबमधून लावू नका. प्लास्टिकच्या झाकणावर थेंब काढा आणि सुईच्या टोकाने उचला. जास्त झालं तर फिनमध्ये उतरतं, आणि मग त्या फिन परत मिळत नाहीत.

पण वायरी लावण्याआधी सिलिंडर रंगवून घ्या. मी सगळ्याला तामिया एक्सएफ-१ काळा मारते. वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने एक्सएफ-१६ ॲल्युमिनियम, फक्त फिनच्या कडांवरून, एकाच दिशेने. खड्ड्यात ॲल्युमिनियम जाऊ देऊ नका, तो काळाच राहिला तर खोल दिसतो. मग ग्लॉस वार्निशचा एक हात, आणि दुसऱ्या दिवशी वॉश. कॅम्लिनच्या ऑइल ट्यूबमधला बर्न्ट अंबर, किंचित काळा, टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ. काकांनी सांगितलेलं चार ते आठ मला फारच आवडलं. त्या सिलिंडरांना वॉश वाळल्यावर तामियाचा एक्स-१९ स्मोक पातळ करून आणखी एक हात द्या. तो चकाकतो, म्हणून ताज्या तेलासारखा दिसतो. वरच्या सिलिंडरांना फक्त मॅट वार्निश.

एक्झॉस्टच्या नळकांड्यांची टोकं ०.३ मिमीच्या ड्रिलने आतून पोखरा. भरीव टोक दिसलं की बाकीची मेहनत वाया जाते.

---

मिरजेची_लेक

काका, तुमचं उत्तर काल रात्री आईला वाचून दाखवलं. मग आम्ही दोघी फोटो आणि भिंग घेऊन दिव्याखाली बसलो. वायरी खरोखर सिलिंडरच्या मधोमध जातात. आबांच्या डाव्या हाताच्या वर तीन सिलिंडर दिसतात, तिन्हींत तसंच. इतकी वर्षं हा फोटो भिंतीवर आहे आणि मी त्यात नसलेल्या दांड्या शोधत होते.

आईने आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी कधीच पाहिली नव्हती. आबांच्या उजव्या खिशातून फडक्याचं टोक बाहेर आलंय, आणि ते काळं आहे. ती म्हणाली, घरीही त्यांच्या खिशात कायम फडकं असायचं, सायकलची साखळी पुसायला. मी घोड्यावर आबांची छोटी मूर्ती उभी करणारच होते. आता खिशात फडकंही येणार, टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून.

पुटी भरली नव्हती, नळीवाला दादा, काळजी नको. उलट एका सिलिंडरचा खड्डा किटमध्ये थोडा उथळ आला होता, तो ड्रिलने खोल केला. आमच्या स्टेशन रोडवरच्या रिवाइंडिंगवाल्याने वायर दिली. रंगपेटी ताई म्हणाल्या तसंच, पैसे घेतले नाहीत. नऊ सिलिंडर काळे झाले आहेत, उद्या ॲल्युमिनियम.

काका, एक विचारायचं राहिलं. घोड्यावर उभं राहून आबा नेमकं काय करत असतील? पाना हातात आहे, पण तो कशालाही लावलेला नाही.

---

डाकोटा_फिटर

पत्रे काढल्यावर फिटर आधी बघतो. पाना हातात असतो, पण पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं बघायचं. कुठली क्लिप सुटली, कुठली नळी घासली गेली, ओल कुठून येते. आमच्या मास्तरांनी आम्हाला हेच शिकवलं होतं, आणि घाईने पाना लावणाऱ्याला ते घोड्यावरून खाली उतरवायचे. आबा बघतायत. मूर्तीची मान थोडी खाली आणि पुढे वाकलेली कर, नजर दोन सिलिंडरांच्या फटीत.

आणि ते पितळी तुकडे टाकू नकोस. पुढे कधी डाकोटा केलंस तर पुढच्या रांगेत एका इंजिनाला ७ सिलिंडर, दोन दोन दांड्या, इंजिनं दोन. २८ लागतील. तुझ्याकडे १८ आहेत, आणखी १० कापून ठेव.