बॅगांसाठी शिलाई मशीन: सिलिंडर आर्म की फ्लॅटबेड?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचे पट्टे, पाकिटं, खांद्यावरच्या बॅगा बनवतो. शिवण हातानेच, आरीने भोक पाडून दोन सुयांची. पाकिटांना तीच ठेवणार, कारण एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. पण बॅगांच्या ऑर्डरी हाताने उरकत नाहीत.

कापडाच्या औद्योगिक मशीनवर टेफ्लॉन फूट, १८ नंबरची लेदर सुई आणि बाँडेड नायलॉन दोरा लावून पाहिला. पातळ अस्तराला ठीक. बॅगेला पट्टा जोडतो तिथे मात्र जाडी ६ मिमीच्या पुढे जाते. तिथे टाके सुटतात आणि खालच्या दात्यांचे वळ चामड्यावर कायमचे उमटतात. फूटचा दाब कमी केला की माल पुढे सरकतच नाही. रापीने कडा तासून झाल्या. पट्ट्याच्या मुळाशी आणखी पातळ केलं तर वजनाने तिथेच फाटेल.

म्हणजे सुई, फूट आणि दाते एकत्र चालणारं वॉकिंग फूट मशीन हवं, इतपत कळलंय. घरी सिंगल फेज आहे, त्यामुळे सर्वो मोटरच. जुनं मशीनही चालेल, पण सुटे भाग महाराष्ट्रात मिळायला हवेत.

बॅगेच्या गोल कडा सिलिंडर आर्मवर (नळीसारख्या पुढे आलेल्या हातावर शिवणारं मशीन) सोप्या जातात, पण लांब पट्टे त्यावर फ्लॅटबेडसारखे (सपाट पाट्याचं मशीन) सरळ येतात का, की वेगळं टेबल जोडावं लागतं? आणि ४४१ प्रकारचं, जाड चामड्यासाठीचं जड मशीन घेतलं, तर त्यावर ३ मिमीचं पातळ कामही नीट होतं का?