मदत हवी आहे: स्क्लेरल लेन्स चार तासांत धूसर होते, दोष फिटिंगचा की द्रावणाचा?

माझ्या 24 वर्षांच्या धाकट्या भावाला दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा आजार आहे. क्रॉस लिंकिंग (बुबुळ घट्ट करण्याची प्रक्रिया) केल्यावर ते पुढे येणे थांबले, पण नजर सुधारली नाही. ती प्रक्रिया आजार रोखण्यासाठी असते, हे आम्हांला उशिराच उमगले. चष्म्याचा उपयोग नव्हता आणि लहान कडक लेन्स कापूस वेचताना दोनदा डोळ्यातून निसटली, म्हणून नागपूरला स्क्लेरल लेन्स बसवून घेतल्या. ही लेन्स बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि मधल्या पोकळीत सलाईन भरलेले राहते. पहिल्याच दिवशी त्याने पांढरकवड्याच्या बसस्थानकावर येणाऱ्या गाडीची पाटी लांबूनच वाचून दाखवली.

अडचण अशी की, सकाळी सातला घातलेली डावी लेन्स अकराच्या सुमारास दुधाळ काचेसारखी होते. काढून, नवे द्रावण भरून पुन्हा घातली की दोन-तीन तास बरे जातात, मात्र वावरात धुरळ्यात बसून रबरी चूषकाने लेन्स काढणे किती कठीण आहे, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. लाली किंवा दुखणे नाही. कड एका बाजूने उचललेली राहून अश्रूंतील चिकट कण आत शिरत असतील का? लेन्स काही तासांत थोडी खाली बसते असे ऐकले आहे, तर त्याचाही संबंध असू शकतो का?

दुसरा प्रश्न द्रावणाचा आहे. परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेल्या, एकदाच वापरायच्या कुप्या इकडे मिळत नाहीत. मेडिकलवाल्याने शिरेतून देण्याच्या 0.9 टक्के सलाईनची बाटली सुचवली. तिच्यात परिरक्षक नसते हे खरे, पण एकदा टोचलेली बाटली निर्जंतुक कशी राहणार? तुम्ही कुप्या कोठून मागवता? नळाचे किंवा विहिरीचे पाणी आम्ही लेन्सला लावत नाही, त्यामुळे अकांथअमिबाबद्दल (पाण्यातून डोळ्याला संसर्ग करणाऱ्या सूक्ष्मजीवाबद्दल) सावध करण्यात कोणी वेळ घालवू नये.

येत्या सोमवारी नागपूरची तपासणी आहे. बसने दीडशे किलोमीटर जायचे असल्याने दिवसाची मजुरी बुडणारच. त्याने पहाटेच लेन्स घालून निघावे, म्हणजे डॉक्टरांना धूसरपणा प्रत्यक्ष दिसेल, की त्यांना आधी उघडा डोळा तपासावा लागतो? अनुभवी वापरकर्त्यांनी कृपया कळवावे.